डीटरचा खिळा

जर्मनीहून परत आल्यापासून जिन्यात जो भेटेल तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" लोकांना किल्ले, नद्या, गेलाबाजार एखादा धबधबा तरी ऐकायचा असतो. मी सांगते, "एक खिळा पाहिला." मग समोरचा माणूस मला सोडून ह्यांच्याकडे बघतो. हे म्हणतात, "खरंय. भिंतीतला खिळा. चांगला दणकट आहे."

ज्यांना जिन्यात थांबायला वेळ नव्हता, त्यांच्यासाठी आता नीट लिहिते.

त्याआधी माझी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात आमच्या सोसायटीच्या गुणगौरव समितीची कार्यवाह झाले. आमची समिती कोथरूडमध्ये प्रसिद्ध आहे. दहावी पास झालेल्यांचा आम्ही सत्कार करतो आणि नापास झालेल्यांचा उत्तेजनार्थ करतो. पन्नास वर्षं संसार केला म्हणून सत्कार, पंच्याहत्तरी गाठली म्हणून सत्कार. ज्या बिल्डरने आमची पाण्याची टाकी फक्त नकाशात बांधली, त्यालाही आम्ही 'समाजभूषण' म्हणून गौरवलं आहे. त्या दिवशी ठरलेले पाहुणे आलेच नाहीत, शाल घडी मोडून तयार होती, आणि तो बिल्डर पार्किंगवरून आमच्याशी भांडायला नेमका तिथे आला होता. शाल अंगावर पडल्यावर तो भांडण विसरला आणि 'मी भारावून गेलो आहे' असं म्हणाला.

तर अशी मी, आणि माझ्याबरोबर हे, लेकीकडे जर्मनीला निघालो. सामानात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चार शाली आणि दोन नारळ.

विमानतळ

कस्टमच्या माणसाने बॅग उघडायला लावली. मसाल्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. नारळ मात्र हातात घेऊन कानाशी हलवला.

"हे कशासाठी?"

ह्यांचं इंग्रजी आमच्या घरात सर्वोत्तम मानलं जातं. हे म्हणाले, "सन्मानासाठी. आमच्याकडे माणसाचा सन्मान करताना शाल आणि नारळ देतात."

"कोणाचा सन्मान करणार आहात?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगा, अजून ठरलं नाही. पण गेल्यावर कुणीतरी मिळतंच."

हे ह्यांनी जसंच्या तसं सांगितलं. त्या माणसाने जरा विचार केला. "म्हणजे नारळ आधी आणि माणूस नंतर?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता त्याने बॅग बंद केली. बिचाऱ्याला आपल्या चालीरीती कुठून कळणार, असं तेव्हा मला वाटलं होतं.

हेर्त्सोगेनआउराख

मुग्धा आणि आमचे जावई निखिलराव या गावाच्या कडेला राहतात. निखिलराव इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात. गाव म्हणाल तर आपल्या सासवडएवढं, पण खेळाचे बूट आणि कपडे बनवणाऱ्या मोठाल्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या इथेच, त्यामुळे गावात जो तो पळत असतो. सकाळी खिडकीतून पाहिलं तर आजीबाई पळतायत, तरणी पोरं पळतायत, एक बाई बाळाची गाडी ढकलत पळतेय. पहिल्या दिवशी ह्यांना वाटलं, कुठेतरी आग लागली आहे. बूट नवे आहेत म्हणून पळतात, हे दोन दिवसांनी लक्षात आलं.

आमची नात इरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. त्यामुळे आम्ही तिच्याशी बोलायचं, ती आईशी बोलणार, आणि आई आम्हाला सांगणार, अशी व्यवस्था होती. तिचे आजोबा सोप्यात सोपं वाक्य म्हणून रोज "जेवलीस का?" एवढंच विचारायचे.

पहिल्या रविवारी मुलीच्या घरातल्या देवापुढे नारळ फोडावा, असं ह्यांच्या मनात आलं. बाल्कनीच्या पायरीवर ह्यांनी तो आपटला. दुसऱ्यांदा आपटायच्या आत दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते, व्यवस्थित भांग पाडलेले. रविवार हा शांततेचा दिवस आहे, ठोकाठोकी करायची नसते, असं त्यांनी मुग्धाला समजावलं. मुग्धाने देव, नारळ, आईवडील सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आल्झो," म्हणजे आपलं 'हे बघा', "देवाबद्दल माझी तक्रार नाही. सोमवारी सकाळी फोडा." आणि देव सोमवारपर्यंत थांबला. आमच्याकडे रविवारी सकाळी लाउडस्पीकर लावल्याशिवाय देवाला जाग येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

जेवणाचं म्हणाल तर तो पांढऱ्या श्पार्गेलचा हंगाम होता. श्पार्गेल म्हणजे शतावरीचे जाडजूड पांढरे कोंब. सोलून, उकडून, वर पिवळं सॉस घालून लोक ते असे खातात की जणू आपल्याकडे हापूस आला आहे. मी एक कोंब खाल्ला. वाईट नव्हता. काहीच नव्हता. ह्यांनी त्यावर मेतकूट भुरभुरलं, तेव्हा कुठे तो अन्नात जमा झाला.

क्लबघर

शनिवारी निखिलरावांचा क्रिकेटचा सामना होता. गावाबाहेर, राईच्या शेतांपलीकडे एका क्लबचं मैदान आहे. जर्मन माणूस एकटा काही करत नाही, त्यासाठी तो आधी क्लब काढतो. त्याला फेराइन म्हणतात. हा फेराइन मुळात बेसबॉलचा. पण तरुण जर्मन मुलांना बेसबॉल नकोसा झाला, आणि त्याच सुमारास पुण्या-मुंबईचे इंजिनिअर बॅट घेऊन गावात उतरले. आता त्या क्लबात बेसबॉलवाले थोडे म्हातारे आणि क्रिकेटवाले पुष्कळ मराठी, अशी स्थिती आहे. निखिलराव क्रिकेट विभागाचे प्रमुख.

क्लबघराच्या मोठ्या खोलीत एक भिंत आहे. तिच्यावर क्लबच्या थोर खेळाडूंचे फोटो, काळ्या चौकटीत, एका रेषेत, जणू फूटपट्टी लावून टांगलेले. मधोमध एक जागा रिकामी, आणि तिथे फक्त खिळा. शेजारी काचेच्या कपाटात एक मोठा चांदीसारखा कप. क्लबने एकदाच जिंकलेलं अजिंक्यपद.

"खिळा का ठेवलाय?" मी निखिलरावांना विचारलं.

"मोठी गोष्ट आहे, आई. सामना झाल्यावर सांगतो," असं म्हणून ते पॅड बांधायला गेले. मुग्धा इराला पोहण्याच्या वर्गाहून आणायला गेली. त्यांनी आम्हा दोघांना अशा ठिकाणी एकटं सोडायला नको होतं.

बाहेर अंगणात शेगडीपाशी एक उंच म्हातारा कणसं भाजत उभा होता. डोक्यावर टोपी, एक गुडघा कुरकुरणारा. आमच्या शाकाहारी मुलांसाठी त्याने वेगळी जाळी ठेवली होती. हे डीटर. गाडीतून येताना निखिलराव त्यांच्याबद्दल एवढंच म्हणाले होते की, "एकेकाळी क्लबचा सर्वात मोठा खेळाडू. आम्हाला हे मैदान मिळावं म्हणून तोच कमिटीशी भांडला. पुढच्या महिन्यात घर विकून मुलीकडे ब्राउनश्वाइगला जातोय, कायमचा."

मोठा खेळाडू, आपल्या मुलांवर उपकार, आणि निरोपाची वेळ. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाल आणि उरलेला नारळ माझ्या पिशवीत होताच.

पाच मिनिटांत आम्ही समारंभ उभा केला. फलंदाजीची वाट बघत बसलेली पोरं गोळा झाली, कुणीतरी मोबाइल सरसावला. ह्यांनी इंग्रजीत भाषण केलं. "आज आपल्यामध्ये एक असं व्यक्तिमत्त्व आहे, की ज्यांना ओळखीची गरज नाही," हे वाक्य ह्यांना फार आवडतं, आणि ओळख नसताना ते विशेष उपयोगी पडतं. डीटर खाली वाकले, मी शाल घातली, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या. मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आले होते. ते ह्यांना म्हणाले, "तुम्हाला सगळं माहीत आहे, आणि तरीही?"

आता, कोणी काही विचारलं की हो म्हणायचं, ही आमच्या घराची रीत आहे. हे म्हणाले, "हो हो, सगळं माहीत आहे."

डीटरनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

एवढ्यात क्लबच्या अध्यक्ष फ्राऊ लांगे, म्हणजे लांगेबाई, आल्या. सडपातळ बाई, केस आखूड, चष्मा दोरीला. त्यांनी शाल पाहिली, नारळ पाहिला आणि नुकत्याच बाद होऊन येणाऱ्या निखिलरावांना गाठलं. "क्रिकेट विभागाने हा ठराव कधी केला?"

निखिलराव आधीच शून्यावर बाद झालेले. त्यांनी डीटरच्या अंगावरची शाल पाहिली आणि डोक्याला हात लावला. घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही, ठराव वगैरे काही नाही. हे माझे सासूसासरे आहेत, पुण्याहून आलेत. त्यांना काहीही माहीत नाही."

हे सगळं जर्मनमध्ये झालं, आम्हाला ते मागाहून कळलं; पण डीटर दोन पावलांवर उभे होते. त्यांनी शाल काढली. नीट घडी केली, कडेला कड जुळवून. मग मला इंग्रजीत विचारलं, "मग ही कशासाठी होती?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"या," डीटर म्हणाले. त्यांच्याकडे 'हो'ला या म्हणतात. त्यांनी शाल माझ्या हातात ठेवली आणि ते निघून गेले. नारळ मात्र त्यांच्याच हातात राहिला. जाळीवरची कणसं जळली.

इतक्या वर्षांत माझ्या हातची शाल कुणी परत केली नव्हती. मला खूप अपमान वाटला, आणि अपमान आपला झालाय की त्यांचा, हे कळेना म्हणून आणखीच राग आला.

गाडीतून घरी

परतताना निखिलरावांनी मोठी गोष्ट सांगितली.

बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणापार मारला की त्याला होम रन म्हणतात. डीटरइतके होम रन त्या क्लबात कुणी मारले नाहीत. त्यांच्याच जिवावर तो कप आला आणि त्यांचा फोटो भिंतीवर चढला. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्यांची बॅट मोडली, आणि आतून बुचाचा भुगा सांडला. बॅट पोखरून आत बूच भरलं की ती हलकी होते, झटकन फिरते. नियमाने ते चालत नाही. डीटर म्हणाले, फक्त आजच्या दिवशीच केलं. क्लबने ठराव करून फोटो काढला. खिळा काढायचा ठराव कुणी मांडला नाही, म्हणून खिळा राहिला. आणि रिकाम्या खिळ्यावर दुसरं कुणी चढायला तयार होईना.

"आता क्लबच्या सभेत त्याने स्वतः अर्ज दिलाय," निखिलराव म्हणाले. "फोटो परत लावा. जायच्या आधी त्याला तो भिंतीवर बघायचाय. फ्राऊ लांगे विरोधात आहेत. पण मतं आमची जास्त आहेत."

"मग अडचण काय?" हे म्हणाले. "अहो, मारले ते मारले. बूच काय आपण होऊन चेंडू बघतं? नजर त्याचीच ना!"

"आणि उद्या इरा परीक्षेत चिठ्ठी घेऊन बसली तर? अक्षर तिचंच ना!" मुग्धा म्हणाली. "बाबा, तुम्ही काहीही बोलता."

निखिलराव म्हणाले, "अमेरिकेत हेच भांडण चालू आहे. तिथे बेसबॉलच्या थोरांचं मोठं दालन आहे. कुणी पैजा लावल्या, कुणी औषधं घेतली. विक्रम आहेत, पण दालनात जागा नाही. वर्षानुवर्षं लोक वाद घालतायत."

"वर्षानुवर्षं?" मी म्हटलं. "आपल्याकडे इतका वेळ कोण घालवतो! खेळात सापडला की थोडे दिवस गप्प बसायचं, मग टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून यायचं, मग निवडणूक. तुरुंगाच्या दारात हार घालतात हो लोक, सुटला म्हणून नाही, नुसता जामीन मिळाला म्हणून."

हे मी तावातावाने बोलले खरी, पण बोलता बोलता तो बिल्डर डोळ्यांपुढे आला आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले.

डीटर घरी येतात

मधल्या आठवड्यात आम्ही पाहण्यासारखं सगळं पाहिलं. एका राजवाड्याच्या बागेत ह्यांची टोपी कारंज्यात गेली आणि ती काढायची परवानगी कुणाकडे मागायची हे शोधण्यात दुपार गेली. बुधवारी संध्याकाळी डीटर दारात उभे राहिले.

मी थालीपीठ लावत होते. त्यांना आग्रहाने बसवलं. त्यांनी आधी एक कबुली दिली: शाल परत केली, नारळही परत करायचा होता, पण तो त्यांनी खाल्ला. फोडायला अर्धी मोडकी बॅट वापरली, ती अजून घरात आहे म्हणाले. हे खूश होऊन म्हणाले, "बॅट शेवटी सत्कारणी लागली." मुग्धाने त्याचं भाषांतर करायचं टाळलं.

मग डीटर निखिलरावांकडे वळले. मुग्धा मला हळूच सांगत होती.

"तुझी क्रिकेटची मुलं मला मत देणार. मी त्यांना विचारलं. सगळे म्हणाले, देऊ ना, त्यात काय. एकानेही विचारलं नाही की मी काय केलं. तुझ्या सासूबाईंनी जशी शाल दिली, तशीच ही मुलं मत देणार."

"पण फोटो लागेल ना, डीटर. तुला हेच हवंय," निखिलराव म्हणाले.

"मला ती भिंत हवी आहे, कारण ती नाही म्हणते. उद्या ती कुणालाही हो म्हणायला लागली, तर मी वर लटकून काय करू?" ते म्हणाले. "सभेत मी बोलणार आहे. आधी सगळं ऐका, मग मत द्या."

त्यांनी थालीपीठ चवीने खाल्लं, दुसरं मागून घेतलं आणि गेले. रात्री निखिलरावांनी क्रिकेटच्या मुलांना फोन केले. मला पलीकडचं ऐकू येत होतं. बहुतेक सगळ्यांचं एकच म्हणणं, "अरे जाऊ दे ना, म्हातारा माणूस आहे. हात वर करायला आपलं काय जातंय?" अगदी माझ्या समितीत बसल्यासारखं वाटलं. मला ते ऐकवेना.

सभा

सभा शुक्रवारी संध्याकाळी. पाहुण्यांना मागे बसता येतं, मत देता येत नाही. हे दोन्ही फ्राऊ लांगे यांनी आम्हाला आत शिरतानाच सांगितलं. माझ्या पिशवीकडेही त्यांनी एकदा पाहिलं.

सभा ठरल्या मिनिटाला सुरू झाली. प्रमुख पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही, ईशस्तवन नाही. सभा आहे की टपाल कचेरी, असं मला झालं. गवत कापण्याच्या यंत्रावर बराच वेळ चर्चा झाली. मग डीटरचा अर्ज आला.

फ्राऊ लांगे थोडक्यात बोलल्या. भिंत होम रनची नाही, मानाची आहे. ज्याने एका सामन्यात का होईना, क्लबला फसवलं, त्याचा फोटो लहान मुलांसमोर लावू नये. ऐकून मला पटलं. बेसबॉलवाल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण उठून म्हणाला, एका दिवसाची चूक होती, इतकी वर्षं तो आपलं मैदान सांभाळतोय, आता पुरे. तेही मला पटलं. माझं हे असंच होतं, कुणी उभं राहून बोललं की पटतं.

मग डीटर उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश. मुग्धा माझ्या कानाशी लागली.

"एक दिवस नाही," ते म्हणाले. "तो पूर्ण उन्हाळा, त्याच्या आधीचा. माझं वय झालं होतं, बॅट जड व्हायला लागली होती आणि मला ते कुणाला सांगायचं नव्हतं. म्हणून मी ती पोखरली. आपण जिंकलो तेव्हा माझ्या हातात तीच बॅट होती." त्यांनी काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "तो कप बुचाचा आहे. तुम्ही माझा फोटो काढलात, ते बरोबर केलंत. पण कप ठेवलात. आता तुम्हाला सगळं माहीत आहे. माझे त्याआधीचे होम रन खरे आहेत, तेही तुम्हाला माहीत आहेत. आता ठरवा."

ते खाली बसले. मग सगळ्यांच्या माना एकदमच कपाटाकडे वळल्या, आणि तितक्याच एकदम परत आल्या. ज्या म्हाताऱ्याने आत्ताच 'आता पुरे' म्हटलं होतं, त्याचा चेहरा लाल झाला होता. भिंतीवरच्या फोटोंमध्ये, त्या कपाबरोबर उभा असलेला तोही होता.

फ्राऊ लांगे यांनी चष्मा लावला, काढला. मग म्हणाल्या, "कपाचा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

मला हसू आलं नाही. आपल्याकडे अशा वेळी आरडाओरडा होतो, माइक हिसकावतात, कुणीतरी सभात्याग करतो. इथे सगळं शांतपणे, नियमाने झालं. पण झालं तेच. आपण तेवढे भाबडे आणि हे लोक काटेकोर, असं मी इतके दिवस समजत होते. काटेकोर माणसालाही सोयीचं तेवढंच दिसतं, हे पाहून मला खरोखर राग आला.

मत घेतलं गेलं. फोटो परत लावावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. बेसबॉलवाल्यांपैकी एकही हात वर गेला नाही. क्रिकेटची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हात वर करायला आपलं काय जातंय म्हणणारी हीच मुलं; पण आता समोर फ्राऊ लांगे होत्या, आणि मैदानाच्या वेळा त्याच ठरवतात. निखिलरावांचा हात वर गेला. त्यांच्या मागे आणखी तीनचार. बाकीचे हात मांडीवरच राहिले.

अर्ज फेटाळला. कुणीतरी म्हणालं, निदान खिळा तरी काढू या. फ्राऊ लांगे म्हणाल्या, त्यासाठी सभेआधी लेखी अर्ज यायला हवा होता. मग खिळाही राहिला, कपही राहिला. शेवटी बटाट्याचं सॅलड होतं, ते उत्तम होतं.

घरी जाताना, आपण स्वतः बुचाची बाजू घेतली होती हे विसरून, ह्यांनी विचारलं, "निखिलराव, तुम्ही फसवणुकीच्या बाजूने कसे?"

"बाबा, मला त्याचा फोटो लागावा की नाही हे अजूनही नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण जो खरं बोलला तो बाहेर आणि कप आत, हे मला बघवेना."

जावई म्हणून मी त्यांना नेहमीच मान देत आले आहे. त्या दिवशी मनापासून दिला.

निरोप

आम्ही निघायच्या आधीच्या रविवारी डीटर निघाले. जाता जाता आमच्या दारात गाडी थांबवली. मागच्या सीटवर तो फोटो होता, काळ्या चौकटीतला, सीटबेल्ट लावून बसवलेला. फोटोतला तरुण माणूस बॅट खांद्यावर घेऊन हसत होता.

मुग्धा शेजारी उभी होती. डीटर मला म्हणाले, "आता तुम्हाला खरंच सगळं माहीत आहे. आज दिली असती का ती शाल?"

ह्यांनी लगेच तोंड उघडलं. मी म्हटलं, "अहो, थांबा. मला विचार करू द्या."

आणि मी विचार केला. सत्कार करण्यापूर्वी विचार करायची सवय नसल्यामुळे मला वेळ लागला. खोटी बॅट घेऊन हा माणूस जिंकला, इतकी वर्षं अर्धं खोटं सांभाळलं. त्याची शाल नाही. पण फोटो पुन्हा लागणार हे समोर दिसत असताना, फोटो जाईल असं खरं हा भर सभेत बोलला. बोलायला कुणी भाग पाडलं नव्हतं. माझ्या समितीत इतक्या शाली वाटल्या, पण अशा कारणासाठी एकही दिल्याचं मला आठवेना.

मी आत जाऊन शाल आणली.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं. वाकले नाहीत, सरळ उभे राहिले.

"सभेत बोललात त्यासाठी," मी सांगितलं. मुग्धाने भाषांतर केलं. "होम रनसाठी नाही."

"गेनाऊ," डीटर म्हणाले. म्हणजे अगदी बरोबर. मग ते वाकले. ह्यांना भाषण करायचं होतं, मी करू दिलं नाही. नारळ नव्हताच. डीटर शाल अंगावर ठेवूनच गाडीत बसले आणि उन्हाळा असूनही त्यांनी ती काढली नाही. गाडी वळेपर्यंत इरा हात हलवत होती. ह्यांनी सवयीने विचारलं, "जेवलीस का?" आणि तिने पहिल्यांदाच मराठीत उत्तर दिलं, "नाही."

कोथरूड

परत आल्यावर आमच्या समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी यंदाच्या 'जीवनगौरव'साठी एक नाव सुचवलं. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे "वा, वा" म्हटलं.

मी विचारलं, "त्यांनी काय केलंय?"

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, म्हणजे काय? मोठं नाव आहे."

"ते ठीक. पण केलंय काय?"

पुढच्या नावालाही मी तेच विचारलं, आणि त्याच्या पुढच्याही. त्या दिवशी एकही नाव ठरलं नाही. समितीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

चार दिवसांनी अध्यक्ष घरी आले, पेढे घेऊन. म्हणाले, वहिनी, तुम्ही इतकी वर्षं फार काम केलंत, आता तुम्हाला विश्रांती मिळायला हवी. कार्यवाहपदाची जबाबदारी जोशीबाई घेतील. आणि तुमच्या कार्याचा उचित गौरव म्हणून येत्या रविवारी, सोसायटीच्या सभागृहात, शाल आणि श्रीफळ देऊन आम्ही तुमचा सत्कार ठेवला आहे. सगळ्यांनी एकमताने ठरवलं.

मी काय केलंय, हे एकानेही विचारलं नाही म्हणे.